वैशाखातली चार वाजताची सावली

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी अक्कांचंच नाव घेईन. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. आमच्या सोनगीरला गावाबाहेर, हायवेच्या अंगाला एक रोपवाटिका होती. तिथे माझी आई रोजाने पिशव्या भरायला जायची. काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत माती, शेणखत आणि वाळू भरायची, बी टोचायचं, पाणी शिंपायचं, असं ते काम. त्या सगळ्या बायांमध्ये अक्का वयाने मोठ्या. कुठली पिशवी कुठे ठेवायची, हे त्याच ठरवायच्या.

त्या वेळी तिथे हिरवी जाळी नव्हती. कोवळी रोपं उन्हात ठेवली की दोन तासांत माना टाकायची. म्हणून बाया दिवसभर पिशव्या झाडांच्या सावलीबरोबर सरकवत. सावली पुढे गेली की पिशव्यांची रांग पुढे. अक्का सावली यायच्या आधीच जागा झाडून ठेवायच्या आणि ती बरोबर तिथेच यायची. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

आमचं घर एका खोलीचं, वर पत्रा. गावामागच्या किल्ल्याच्या डोंगराचा दगड सकाळपासून तापायचा आणि दुपारी त्याची झळ गावावर यायची. त्या वेळी घरात पुस्तक उघडून बसणं शक्य नसे. अक्कांनी मला रोपवाटिकेत बोलावून घेतलं आणि करंजाखाली पोतं टाकून दिलं. मी दहावीचा अभ्यास त्या पोत्यावर केला आणि बारावीचाही. तास-दीड तास झाला की रोपांबरोबर त्या मलाही हलवायच्या.

"ऊठ रे पोऱ्या, सावली सरकी गई."

वडील मी लहान असतानाच गेले होते. बारावीनंतर आईच्या मनात आलं की मुलाने आता कामाला लागावं. तिची चूक नव्हती, तिचे हात थकले होते. अक्का तिला एवढंच म्हणाल्या, "त्याना हातले आजून माती लागू देऊ नको बाई. तीन वरीस थांब." आई तीन वर्षं थांबली. मी धुळ्याच्या कॉलेजातून भूगोल घेऊन पदवीधर झालो. आमच्या घरात कागदावर सही न करता अंगठा उठवणाऱ्या किती पिढ्या झाल्या, मला माहीत नाही. माझ्यापासून ते थांबलं.

पुढे जळगावला शाळेत नोकरी लागली. काही वर्षांनी गावाबाहेरच्या एका कॉलनीत लहानसं घर बांधलं आणि आईला घेऊन आलो. घराचं तोंड पूर्वेला, थेट रस्त्यावर. मागे पश्चिमेला दहा फुटांचं अंगण आणि त्याला लागून आईची खोली. बांधताना मला वाटलं, मागची खोली शांत, आईला बरी. जळगावच्या उन्हाळ्यात पश्चिमेची भिंत काय करते, याचा मी विचारच केला नव्हता.

दुपारी दोनपर्यंत ठीक असे. मग ऊन भिंतीवर चढायचं आणि सहापर्यंत हटायचं नाही. भिंतीला हात लावला तर चटका बसे. कूलर लावला, पण त्याच्या गार वाऱ्याने आईचे सांधे धरायचे. पुढच्या खोलीत पाहुणे, मुलांच्या शिकवण्या. आणि दारात रस्त्याकडेला खाट टाकून झोपणं तिला बरं वाटत नसे. जन्मभर उघड्यावर काम केलेली बाई, तिला दुपारी दोन तास बाहेर, झाडाखाली पाठ टेकायची होती. तेवढंच तिचं मागणं.

"माले तू भट्टीमा बसाडेल शे," ती म्हणायची. "मी मना घर जास."

आणि वैशाख लागला की ती खरोखर सोनगीरला जायची. त्या पत्र्याखाली.

मी काही गप्प बसलो नव्हतो. घर बांधलं त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत मी झाडांची योजना केली होती. चार दिवस रोज दुपारी चार वाजता अंगणात काठी उभी केली आणि तिची सावली फूटपट्टीने मोजली. वहीत नकाशा काढला. ऊन नैर्ऋत्येकडून येत होतं, सावली लांबच लांब, आईसाठी अंगणात टाकलेल्या खाटेपर्यंत पोचत होती. मग पावसाळ्यात नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात दोन गुलमोहर लावले, कारण ते लवकर वाढतात, आणि दक्षिणेच्या कुंपणाच्या कडेने उंच अशोकाची रांग. मला माझ्या वहीचा अभिमान होता. शाळेत मुलांनाही दाखवली होती.

तीन वर्षांत गुलमोहर माझ्या डोक्यावरून चांगले वर गेले. त्या वैशाखात आईला मी हट्टाने ठेवून घेतलं. म्हटलं, यंदा बघ. चार वाजता आम्ही दोघं मागे गेलो. गुलमोहरावर एक पान नव्हतं. काही फुलं आली होती, लालभडक. त्यांची जी काही विरळ सावली होती ती दक्षिणेच्या कुंपणाला धरून पडली होती. अशोकाची सावली अशोकाच्याच रांगेत होती. खाटेवर लख्ख ऊन.

आई पदर डोक्यावर ओढून आत गेली. दुसऱ्या दिवशी तिने कपड्यांची पिशवी भरली आणि सोनगीरची एस.टी. धरली.

त्या महिन्यात सोनगीरहून अक्कांच्या नातीचा फोन आला. आई दुपारी घरात पडली होती. अक्का ताक द्यायला गेल्या तेव्हा ती जमिनीवर होती, अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. गावातल्या पोरांनी गाडीत घालून तिला धुळ्याला नेलं होतं. मी पोचलो तेव्हा सलाइन लागलेलं होतं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वेळी वाचल्या. पुढचा उन्हाळा पत्र्याखाली काढू देऊ नका."

बरी झाल्यावर आईला मी अक्कांच्या घरी घेऊन गेलो, कारण तिथे दारात मोठा निंब आहे. तिथे बसून मी अक्कांना सगळं सांगितलं. वहीही दाखवली. त्यांना वाचता येत नाही, पण नकाशावरचा बाण त्यांनी बोटाने नीट चाचपला.

"सावली कवय मोजी तू?"

"दिवाईनी सुटीमा."

अक्का हसायला लागल्या. आईसुद्धा पडल्या पडल्या हसली, बऱ्याच दिवसांनी.

"अरे, भूगोल शिकाडस ना तू? सूर्य म्हंजे काय तुना शाळाना शिपाई शे का, बारा महिना एकच स्टूलवर बसाले?"

दरवर्षी मी फळ्यावर सूर्याचं उत्तरायण आणि दक्षिणायन काढतो. कर्कवृत्त, मकरवृत्त, रंगीत खडू. आणि स्वतःच्या आईसाठी सावली मोजायची वेळ आली तेव्हा हाताशी दिवाळीची सुटी होती म्हणून दिवाळीला मोजली. दिवाळीत दुपारचा सूर्य खाली आणि दक्षिणेकडे झुकलेला असतो. वैशाखात तोच सूर्य त्याच वेळी कितीतरी वर असतो आणि पश्चिमेच्याही जरा उत्तरेला. सावलीची लांबी निम्म्यावर येते आणि तिचं तोंडही फिरतं. हे सगळं मला येत होतं, पण ते पुस्तकात होतं.

"झाड मंग दखू," अक्का म्हणाल्या. "पहिले सावली लाऊ."

मी आईला घेऊन जळगावला परतलो, आठ दिवसांनी अक्काही आल्या. सोनगीरच्या पुढे एकटीने त्या प्रथमच एस.टी.त बसल्या होत्या. सोबत एक रिकामं गोणपाट आणि सुतळी. मला त्यांनी लांब बांबू आणायला लावला. त्याच्या टोकाला आडव्या काड्या बांधून गोणपाट ताणलं. झाडाचा शेंडा झाला. मग हा बांबू मला हातात धरून उभा राहायला सांगितलं आणि स्वतः आईच्या खाटेवर जाऊन बसल्या, मे महिन्याच्या उन्हात, डोक्यावर पदर घेऊन.

आम्ही सकाळी सुरुवात केली होती. साडेबाराच्या सुमाराला मी बांबू उभा धरून होतो आणि सहज खाली पाहिलं. बांबूला सावलीच नव्हती. गोणपाटाचा काळा चौकोन बरोबर माझ्या पायाशी, पण बांबूची सावली कुठेच नाही. मी माझ्या बाजूला पाहिलं. माझीही सावली माझ्याच तळव्यांखाली गेली होती. भिंतीला नव्हती, नळाच्या तोटीला नव्हती. सूर्य बरोबर डोक्यावर होता, तसूभरही इकडेतिकडे नाही. असा दिवस आपल्या गावात वर्षातून दोनदा येतो, हे मी इतकी वर्षं शिकवत होतो आणि एकदाही अंगणात येऊन उभा राहिलो नव्हतो. एवढा मोठा गोळा, एवढ्या दूर, आणि तो आमच्या संडासच्या टाकीजवळच्या एका काठीच्या अगदी माथ्यावर येऊन थांबला होता.

"अक्का, दखा! सावलीच नही!"

त्यांना काही नवल वाटलं नाही. "चार दिन असंच ऱ्हास," त्या म्हणाल्या. "काठीबी येकली पडी जास. रोपं त्या दिनले घरमा ठेवाना."

ही बाई शाळेत गेली नाही. तिने चाळीस वर्षं पिशव्या सरकवल्या आणि आकाश पाठ केलं.

चार वाजता खरं काम सुरू झालं. "उजवीकडे. आजून. मांगे व्हय." मी बांबू घेऊन सरकत होतो आणि गोणपाटाची सावली जमिनीवरून खाटेकडे जात होती. शेवटी ती आईच्या उशीजवळ आली तेव्हा माझी पाठ पश्चिमेच्या भिंतीला टेकली होती आणि ती उशीवर बसायला अजून चार फूट मागे जायचं होतं. भिंतीच्या आत संडासची टाकी. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं अंगण.

शेजारी मूळचे राजस्थानचे, तीन पिढ्यांपासून जळगावात, किराण्याचं दुकान. मी त्यांना शेठजी म्हणतो आणि ते मला सर. शेठजी आणि त्यांच्या पत्नी, ज्यांना मी भाभी म्हणतो, दोघं आवाज ऐकून भिंतीशी आले.

"सर, हे काय, निशाण लावता काय आमच्या हद्दीवर?"

मी संकोचत सांगितलं. आईला काय झालं होतं ते त्यांना ठाऊक होतं. शेठजी बांबूच्या शेंड्याकडे पाहत म्हणाले, "म्हणजे झाड माझ्या अंगणात आणि सावली तुमच्या?"

"सकायनी तुमनी," अक्का भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या. "दुपारनी यासनी. झाड येकच, दोन घरले पुरी."

शेठजींना ते पटलं. पण भाभींचा चेहरा पडला. "झाडाला मी नाही म्हणत नाही, सर. पण सकाळचं ऊन माझ्या पापडांचं आहे. वर्षाचे पापड, डाळीच्या बड्या मी इथेच वाळवते. गच्चीवर कबुतरं घाण करतात."

अक्कांच्या मनात तोवर करंज होता. दाट सावली, कीड कमी, मलाही त्याखालीच अभ्यासाला बसवलेलं. त्यांनी डोळे बारीक केले.

"पापड कवय करतस तुम्ही?"

"होळीच्या आधी. फाल्गुनात."

"मंग करंज नको. करंजले तवय पानं ऱ्हातस. निंब लावा." आणि पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "फागुनमा निंब नागडा ऱ्हास. बठ्ठा पानं गयी जातस. पापड वाळी जातीन, तवय नवी पालवी. वैशाखमा त्याना आंगवर पुरा कपडा."

मग माझ्याकडे वळून त्यांनी गुलमोहराकडे हनुवटी केली. "झाड लावाना पहिले त्याले इचारानं, वैशाखमा तुना आंगवर कपडा शे का? हाऊ दखाले चांगला शे. आनि त्या अशोकले त सोतानी सावलीबी पुरत नही."

मला पुन्हा नवल वाटलं, पण या वेळी आकाशाचं नव्हे. एक झाड पापडांच्या महिन्यात पानं उतरवून ठेवतं आणि माणसं तडफडायच्या महिन्यात अंगभर घालून उभं राहतं, हे मी जन्मापासून पाहत आलो होतो. सोनगीरला पायलीला पन्नास निंब आहेत. तरी मी झाड निवडताना किती लवकर वाढतं आणि फुलं कशी आहेत, एवढंच पाहिलं. कुठल्या महिन्यात त्याला पान असतं, हे कोणाला विचारलंच नाही.

भाभी मात्र व्यवहारी. "आणि ती गळणारी पानं पडणार कुठे? माझ्या पापडांवरच ना?"

आई बाहेर येऊन खाटेवर बसली होती, सगळं ऐकत होती. तिथूनच म्हणाली, "झाडू मी मारसू."

शेठजी मोठ्याने हसले. "माँजी, एखादं पान चिकटलेलं राहू द्या. शुगरवाल्यांसाठी वेगळे पापड म्हणून दुकानात ठेवतो."

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण माझ्या कानात आईचे तीनच शब्द होते. झाडू मारायला ती फाल्गुनात इथे असणार होती. पण वैशाखाचं काही तिने म्हटलं नव्हतं.

आषाढात शेठजींच्या अंगणात निंब लावला. खड्डा मी आणि शेठजींनी मिळून खणला, शेठजी दोन कुदळी मारून हाशहुश करत बाजूला झाले. भाभी डाळ धुतलेलं पाणी त्याला घालत. पहिल्या वैशाखात तो माझ्या छातीएवढा होता, दुसऱ्यात भिंतीवरून डोकावला. त्या दोन उन्हाळ्यांत, आणि तिसऱ्यातही, आई सोनगीरला गेलीच. मात्र राहिली अक्कांकडे, त्यांच्या दारातल्या निंबाखाली. "मना नजरसमोर शे, तू तुना पोऱ्यासले शिकाड," असा निरोप अक्का मला द्यायच्या. तरी दुपारी दोन ते पाच माझं कामात लक्ष नसे. फोन वाजला की आधी नंबर सोनगीरचा आहे का ते पाहायचो.

यंदा चौथा वैशाख. चैत्र संपत आला तेव्हा आईने पिशवी काढून खाटेखाली ठेवली होती, भरलेली नव्हती, रिकामीही नव्हती. परवा शनिवारी सकाळची शाळा होती, दुपारी घरी होतो. जे पाहिलं ते त्याच संध्याकाळी अक्कांना लिहिलं. त्यांना आता फोनवर नीट ऐकू येत नाही. पत्र मात्र नात त्यांच्या कानाशी बसून दोन-तीनदा वाचते. ते पत्र असं:

*तीर्थरूप अक्कांना साष्टांग नमस्कार.*

*आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या गुडघ्याला तेल लावता का, ते नातीने मला कळवावं.*

*आज तुम्हाला एकच गोष्ट सांगायची आहे. आज दुपारी पावणेचारला निंबाची सावली भिंत उतरून अंगणात आली. मी मागच्या दारात उभा होतो. आई खाटेवर होती, उन्हातच, डोक्यावर पदर घेऊन, मला दाखवायला बसल्यासारखी. चार वाजता सावली खाटेच्या पायाशी आली. मग आईच्या पावलांवर, मग गुडघ्यांवर. आई हलली नाही. मी घड्याळ पाहत होतो. सव्वाचारच्या आसपास ती तिच्या तोंडावर आली आणि तिने पदर मागे टाकला. पानांची सावली आहे, अक्का, मध्ये मध्ये उन्हाचे ठिपके हलतात, पण वारा येतो तो गार लागतो. खोलीच्या भिंतीलाही आज हात लावता आला.*

*तुम्ही गोणपाटाची सावली जिथे आणायला लावली होती ती जागा आणि आजची सावली यांत वीतभराचाही फरक नाही. मी मोजलं. मी पुष्कळ मोजतो, पण मला एवढं मोठं काही दिसलं नव्हतं.*

*भाभींचे पापड फाल्गुनात नीट वाळले. आईने रोज झाडू मारला आणि रोज ती भाभींशी भांडलीही. पानं तुमच्या बाजूला जास्त पडतात, असं भाभी आईला म्हणतात; झाडच तुमच्या बाजूला आहे, असं आई भाभींना म्हणते. दोघींना ते आवडतं असं दिसतं.*

*एक विचारायचं आहे. ज्येष्ठात सूर्य आणखी उत्तरेला सरकेल, तेव्हा सावली खाटेच्या दक्षिणेला जाईल ना? आई म्हणते, खाट सरकवायची, त्यात काय. मी म्हणतो, उत्तरेच्या बाजूला अजून एक झाड लावू. गुलमोहर काढायचे नाहीत, मुलांना फुलं आवडतात. तुम्ही सांगाल तसं करतो. पावसाच्या आत सांगा म्हणजे खड्डा तयार ठेवतो.*

*आईची पिशवी तिने आज रिकामी केली. लुगडी पुन्हा कपाटात लावली. सोनगीरच्या घराची किल्ली तुमच्याकडेच राहू द्या, असं तिने सांगितलं आहे. त्यात तुमच्या शेळ्या बांधा, पण दुपारी बांधू नका म्हणते.*

*मी हे लिहीत असताना ती शेजारी बसून काय लिहितो ते विचारत होती. तिचा निरोप तिच्याच शब्दांत लिहितो: "तिले लिख, आते तू ये. आठे निंबखाले दुपारले झोप लागस."*